लाडू माझे, कॅमेरा तिचा

न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली उभी राहून, मी टीव्हीवर धडधडीत खोटं बोलले. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी आमिष दाखवलं नव्हतं. समोर कॅमेरा होता आणि तो माझ्या विहीणबाईंकडे वळलेला होता, एवढंच कारण. तो माझ्याकडे वळावा म्हणून, ज्या माणसासाठी मी दहा आठवडे बर्फात दारं ठोठावत होते त्याला, कोटावर त्याचाच बिल्ला लावून, मी चार वाक्यांत सोडून दिलं.

मी तेव्हा तरुण होते. चौसष्ट वर्षांची. आता शहात्तरीला टेकल्यावर त्या पोरीची आठवण निघाली की तिचा कान पिळावासा वाटतो. पण तिचं दुखणं काय होतं तेही मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते अजून पुरतं गेलेलं नाही.

इथे अध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष आपल्यातलाच एक उमेदवार निवडतो. त्या प्रायमरीची अगदी सुरुवातीची फेरी न्यू हॅम्पशायरला, ऐन थंडीत होते. आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला. तिथून सीमा गाडीने तासाभरावर. माझ्या नातीने त्या वर्षी कॉलेजची एक टर्म सोडून एका सिनेटरच्या प्रचाराचं काम धरलं होतं. तिकडच्याच एका गावात पाच-सहा पोरापोरींबरोबर घर घेऊन राहायची, दिवसभर फोन करायची आणि माझ्याकडून डब्यातून वरण-भात मागवायची. मी डबा द्यायला गेले आणि तिने माझ्या हातात घरांची यादी दिली. "आजी, यू लाइक टॉकिंग टु पीपल. गो टॉक."

तेव्हापासून दर शनिवारी मी जायचे. दोन मोजे, त्यावर बूट, कानटोपी, पाठीवर चहाचा थर्मास. दार उघडलं की "गुड मॉर्निंग, मी सिनेटरसाहेबांसाठी आलेय," आणि मग पाणीपुरवठ्यापासून म्हाताऱ्यांच्या औषधांपर्यंत साहेबांनी काय काय केलं ते सांगायचं. दार बहुतेक वेळा त्याआधीच लागायचं. पण मी माघार घेतली नाही. नातीच्या प्रचाराच्या ऑफिसात माझ्या नावापुढे सर्वांत जास्त घरं लागलेली असायची आणि ती भिंतीवरच्या तक्त्यात दिसायची.

सिनेटरसाहेब कसे होते ते सांगते. अठ्ठावीस वर्षं एका जागी काम केलेला, कागद वाचणारा माणूस. त्यांच्या भाषणात टाळी कुठे वाजवायची तेच लोकांना कळायचं नाही. एका वाक्यात तीन अटी आणि शेवटी "परंतु." मला मात्र ते फार आवडायचे. आमच्या घरात कुणी तरी एवढ्या अटी घालून आणि तरीही खरं बोलावं, असं मला नेहमी वाटत आलेलं आहे.

आणि मग आले गुरांचे डॉक्टर.

मधल्या कुठल्याशा राज्यातले. आयुष्यात त्यांनी साधी शाळा समितीची निवडणूकही लढवलेली नव्हती. गायींची बाळंतपणं करायचे. एक दिवस म्हणाले, आता मीच अध्यक्ष होणार, आणि रबरी बूट घालूनच न्यू हॅम्पशायरला आले. टीव्हीवाल्यांचं काय झालं म्हणून सांगू! घरात नवी सून आली की पहिले पंधरा दिवस जे होतं तेच. ती पाणी प्यायली तरी कौतुक, तिला मिरची जळजळीत लागली तरी कौतुक. डॉक्टरांनी कुणाच्या कुत्र्याचा पंजा तपासला, चार चॅनेलवर पंजा. डॉक्टरांना व्यापार कराराबद्दल विचारलं, ते म्हणाले, "मला ठाऊक नाही," आणि तज्ज्ञ मंडळी तास तासभर बसून त्या "ठाऊक नाही"चा प्रामाणिकपणा उलगडू लागली. त्याच दिवशी आमच्या साहेबांनी त्याच करारावर चाळीस मिनिटं बोलून दाखवलं. ते कुठेच लागलं नाही. ओट्याशी उभी असलेली जुनी सून कोण बघतं? ती पोळ्या करतेय एवढं लोकांना पुरतं.

मी टीव्हीसमोर बसून चरफडायचे. मुलगा म्हणायचा, "आई, तू एवढं मनावर का घेतेस? कॅम्पेन आहे यार." त्याला काय सांगणार? मला तो गुरांचा डॉक्टर आमच्या घरात दिसत होता. तो नागपूरहून दोन मोठ्या बॅगा घेऊन, चाकाच्या खुर्चीतून विमानतळाबाहेर आला होता आणि माझ्या सुनेची आई होता.

विहीणबाई दोन वर्षांतून एकदा यायच्या. एरवी उन्हाळ्यात, पण त्या वर्षी त्यांना बर्फ बघायचा होता म्हणून जानेवारीत आल्या. बॅगेतून संत्रा बर्फी निघाली, सावजी मसाला निघाला, नातीसाठी कानातले निघाले. बर्फ बघून त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि माझ्या मुलाने, जो मी फावड्याने बर्फ काढत असताना आतून हात हलवतो त्याने, अंगणात जाऊन त्यांचे फोटो काढले. नात लहान असताना तिची स्कूल बस, ताप, पियानोचा क्लास, सगळं मी केलं होतं. तरी घरात त्या "नागपूरची आजी" आणि मी नुसती "आजी." मला विशेषणच नव्हतं. पंखा असतो, फ्रीज असतो, तशी आजी असते.

सून म्हणाली, "आई, शनिवारी जाताना माझ्या आईलाही न्या ना. घरात बसून कंटाळते ती." नेलं. नाही कशी म्हणणार?

तो संक्रांतीचा आठवडा होता. आदल्या दिवशी मी इंडियन ग्रोसरीतून चिकीचा गूळ आणून तिळगुळाचे लाडू केले होते. ज्यांनी केलेत त्यांना माहीत आहे, पाक गरम असतानाच वळावे लागतात, तळहात लाल होतात, थांबलं तर दगड होतो. शंभरावर लाडू नातीच्या ऑफिसातल्या पोरांसाठी. विहीणबाई शेजारी खुर्चीत बसून सल्ला देत होत्या. निघताना म्हणाल्या, "ताई, एक छोटा डबा माह्याजवळ द्या नं. वाटेत कोणी भेटलं तर हातावर ठेवता येते." दिला.

मी घरं करायला गेले. त्यांना बर्फात चालवेना म्हणून नातीच्या ऑफिसात, हीटरजवळ बसवून ठेवलं. मी परत आले तेव्हा माझी बोटं मला आपली वाटत नव्हती. एकोणीस दारं, त्यांतली तीन उघडली, एकातून कुत्रा आला. आणि हीटरजवळची खुर्ची रिकामी.

समोरच्या शाळेच्या जिममध्ये गुरांच्या डॉक्टरांची सभा होती. गर्दी आत चाललेली बघून विहीणबाईही आत गेल्या होत्या. मी धावत गेले तर ढीगभर दिव्यांच्या प्रकाशात त्या डॉक्टरांसमोर उभ्या. हिरवी साडी, वर माझ्या मुलाचं जुनं जॅकेट, खाली बर्फाचे बूट. हातात माझा डबा. डॉक्टरांच्या तळहातावर त्यांनी लाडू ठेवला आणि जमतील तेवढ्या इंग्रजीत म्हणाल्या, "यू आर लुकिंग व्हेरी टायर्ड. ईट. अँड स्पीक स्वीट."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. माझ्या मते तीळ टाळूला चिकटला होता. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ती चित्रफीत सगळ्या देशाने बघितली. हा थकलेला देश आहे, असं एक जण म्हणाला. दुसऱ्या जाणकाराने सांगितलं की बाहेरून आलेली आजी आणि बाहेरून आलेला उमेदवार यांची ती भेट म्हणजे या निवडणुकीचं सार आहे. माझ्या विहीणबाई व्हिजिटर व्हिसावर होत्या, मत देऊ शकत नव्हत्या आणि मार्चमध्ये परत जाणार होत्या, हे कुणीही विचारलं नाही. मी इथली नागरिक, दोनदा ज्यूरी ड्यूटी केलेली, आणि लाडू माझे. हेही कुणी विचारलं नाही.

ग्रोसरीत गेलो तर पोरं पुढे यायची. "त्या लाडूवाल्या आजी ना तुम्ही? एक सेल्फी काकू, प्लीज." फोन माझ्या हातात द्यायची. फोटो मी काढायचे. एकदा मी तिळाच्या पिशव्यांपाशी त्यांना गाठलं.

"लाडू मी केलेत असं सांगायचं होतंत की."

"सांगणारच होती नं, ताई," त्या निष्पापपणे म्हणाल्या. "पण त्या टीव्हीवाल्या पोरीनं विचारलंच नाही जी, कोणी केले म्हणून. तिनं विचारलं, कसं वाटून राहिलं. मी म्हटलं, थंडी वाजून राहिली."

त्या लबाड असत्या तर मला किती सोपं गेलं असतं! रीतसर भांडता आलं असतं. पण त्यांना खरंच काही नको होतं, आणि ज्याला काही नको त्याच्याच ताटात सगळं पडताना बघणं ही शिक्षा मी वैऱ्यालाही देणार नाही. सिनेटरसाहेबांना मात्र ती रोज मिळत होती. ते वादविवादात उभे असायचे, चेहऱ्यावर सभ्य हसू, आणि शेजारी डॉक्टर म्हणायचे, "मी काही राजकारणी नाही." टाळ्या! त्या हसण्यामागे साहेबांचे दात कसे आवळलेले असतात हे मला घरबसल्या कळायचं. माझेही तसेच आवळलेले असायचे.

मतदानाआधीचा शेवटचा शनिवार. डॉक्टरांच्या लोकांनी विहीणबाईंना पुन्हा बोलावलं होतं. मी नुसती सोबत गेले. नातीला मी असंच सांगितलं आणि स्वतःलाही. पण त्या तरुण बाईने, म्हणजे मी, सकाळी कपाट उघडून मुलाच्या लग्नातली कांजीवरम काढली. दहा आठवडे जी पॅन्ट आणि दोन मोज्यांत दारं ठोठावत होती, ती उणे आठ तापमानात जरीचा पदर सावरत, लिपस्टिक लावून, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. वरून तोच रोजचा कोट, आणि कोटावर सवयीने लागलेला सिनेटरसाहेबांचा बिल्ला. तो काढायचं भानही राहिलं नव्हतं.

जिममध्ये तीच टीव्हीवाली मुलगी. विहीणबाईंना बघून तिने मिठीच मारली. "द लाडू ग्रँडमा!" मग माझ्याकडे बघून फार गोड आवाजात म्हणाली, "मॅम, तुम्ही यांचा कोट धराल का? आणि जरा डावीकडे सरका, फ्रेममध्ये येताय."

मी कोट धरला. डावीकडे सरकले. आपल्या कांजीवरमवर दुसऱ्याचं जॅकेट धरून उभं राहिलं की माणूस खुंटीसारखा दिसतो. बोलणं झालं, दिवा मालवण्याआधी तिची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली. "ओह. यू आर विथ द सिनेटर," ती म्हणाली. तुमच्याकडे अजून लँडलाइन आहे का, असं विचारावं त्या सुरात. आणि वळली.

"आय वॉज," मी म्हणाले.

होते. एवढंच. आणि काय सांगू, सूर्यफूल वळावं तसा तो कॅमेरा वळला.

दिवा माझ्या तोंडावर आला. ऊबदार होता हो! मी बोलत गेले. दहा आठवडे सिनेटरसाठी घरोघर फिरले, मी म्हणाले. आज डॉक्टरांना ऐकलं. माझं हृदय बदललं. मला ताजी हवा हवी. माझं हृदय आयुष्यात कधी बदललेलं नाही, मी टूथपेस्टसुद्धा बदललेली नाही. "तुम्ही इथे न्यू हॅम्पशायरमध्येच मत देणार ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. आपली मान अशी हलते की तिचा अर्थ घरच्यांनाही लागत नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण ती "हो" म्हणूनच हलवली होती.

बाहेर आल्यावर विहीणबाई गाडीत बसेचनात. "ताई, हे काय बोलून राहिल्या तुम्ही? पोरगी तिकडे काम करते नं तुमची?"

"तुम्ही बसा हो," मी म्हटलं. "थंडी आत येते."

संध्याकाळच्या बातम्यांत ते लागलं. 'सिनेटरच्या स्वयंसेविकेनेही साथ सोडली.' बिल्ल्यावर कॅमेरा जवळ नेला होता. खोटं कशाला सांगू, स्वतःला बघून पहिला विचार आला तो असा की पदर छान बसलाय. दुसरा विचार यायच्या आत फोन वाजला.

"आजी," नात म्हणाली. मागे ऑफिस एकदम शांत. "डिड समवन मेक यू से इट?"

तिच्या आवाजात आशा होती. मी हो म्हणाले असते तर तिने विश्वास ठेवला असता, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना तेच सांगून माझ्यासाठी भांडली असती. निदान तिच्याशी तरी मी खोटं बोलले नाही. एवढंच त्या दिवसाचं पुण्य.

"नाही," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मी इथे सगळ्यांना सांगितलं होतं, माय आजी इज द बेस्ट वी हॅव. माझा बॉस आत्ता मला विचारतोय, इज दॅट युवर ग्रँडमदर?" आणि मग, अगदी हळू, "उद्यापासून येऊ नकोस, ओके?"

ती पोर बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द "आजी" म्हणाली होती, असं मी सगळीकडे सांगत आलेय. तिच्या आईच्या मते तो "पाणी" होता. पण येऊ नकोस हे ती मला पहिल्यांदाच म्हणाली, याबद्दल वाद नाही.

रविवारी मी त्या चॅनेलला फोन केला. चार जणांकडून पाचव्याकडे गेल्यावर तीच मुलगी मिळाली. मी सगळं कबूल केलं. मी खोटं बोलले, मी मॅसॅच्युसेट्सची आहे, मी अजूनही सिनेटरसाहेबांचीच आहे, हे कृपा करून दाखवा.

"म्हणजे तुम्ही पूर्वी ज्यांना पाठिंबा देत होतात त्यांनाच अजूनही देताय?" तिने विचारलं.

"हो."

"थँक यू, मॅम. मी न्यूज डेस्कला सांगते."

मी दोन दिवस टीव्हीसमोरून हलले नाही. ते कधी लागलं नाही. लागणार कसं? म्हातारी बाई होती तिथेच आहे, यात बघण्यासारखं काय?

मंगळवारी मतदान. मी गॅरेजमधून साहेबांच्या नावाची पाटी काढली आणि पहाटेच गाडी सुरू केली. ऑफिसात यायला बंदी होती, रस्त्यावर उभं राहायला नव्हती. मागचं दार उघडून विहीणबाई आत बसल्या. कानटोपी, शाल, मुलाचं जॅकेट. "एकट्या कशा जाता जी?" एवढंच म्हणाल्या.

मतदान केंद्राबाहेर, जिथपर्यंत पाट्या चालतात त्या रेघेच्या मागे आम्ही दोघी उभ्या राहिलो. माझे हात भरून आले की पाटी त्या धरायच्या. लोक मान खाली घालून आत जायचे. दुपारी टीव्हीची गाडी आली, हळू झाली, काच खाली झाली. तीच मुलगी! तिचे डोळे चमकले, कारण पाटी तेव्हा विहीणबाईंच्या हातात होती. लाडूवाली आजी सिनेटरच्या बाजूला! मला बातमीचा मथळासुद्धा दिसला. ती माईक घेऊन उतरली.

विहीणबाईंनी पाटी उचलून सरळ तोंडापुढे धरली. पाटीमागून आवाज आला, "नो. टुडे नो. कोल्ड."

मुलीने विनवलं. पाटी हलली नाही. शेवटी गाडी गेली. जाताना त्या मुलीने माझ्याकडे बघून हात हलवला, ओळख लागत नसताना हलवतात तसा.

मी विहीणबाईंचे आभार मानायला हवे होते. पण तेव्हा मला काय वाटलं ते लिहिते, कारण इतकं लिहिलं तर हे लपवून काय करू? मला हेवा वाटला. ज्या दिव्यासाठी मी नातीच्या तोंडाला काळं फासलं, तो दिवा ही बाई हाताच्या एका हालचालीने घालवू शकते. आणि तेही तिला शोभून दिसतं.

निकाल सांगून टाकते. साहेब चौथे आले. माझ्यामुळे नाही; माझ्यामुळे म्हणायला मला त्या काळात आवडलं असतं. डॉक्टरही पुढे दोन राज्यांत हरले आणि गायींकडे परत गेले. टीव्हीवाल्यांनी वसंत ऋतू यायच्या आत दुसरी नवी सून शोधली. त्यानंतरच्या प्रत्येक प्रायमरीत कुणी ना कुणी बाहेरून आलेला आहेच. मी रिमोट हातात धरून बसते आणि जो सर्वांत कंटाळवाणा असेल त्याच्यासाठी माझा जीव तुटतो.

पण त्या मंगळवारी निकाल लागायचा होता. चारच्या सुमाराला ऊन उतरलं आणि नातीची गाडी आली. ती केंद्राकेंद्रांवर आपल्या लोकांना कॉफी वाटत फिरत होती. आम्हाला बघून थांबली. नागपूरच्या आजीच्या हातात कप दिला. त्यांनी तो घेतला आणि शहाण्या बाईसारख्या कॉफी पीत गाडीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

नातीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. माझ्या पाटीकडे बघितलं, बुटांकडे बघितलं.

"व्हाय, आजी?" ती म्हणाली. "जस्ट टेल मी व्हाय."

मी रस्ताभर चांगली वाक्यं जुळवली होती. कर्तव्य, पश्चात्ताप, वय. त्यातलं एकही आलं नाही. चौसष्ट वर्षांची बाई, नाक गळतंय, पाटी बर्फात रोवलेली, आणि तोंडातून निघालं ते इतकंच, "लाडू माझे होते."

मग तिने माझ्या कानावरून सरकलेली टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली, मी तिची बस यायच्या वेळी ओढायचे तशी, आणि म्हणाली:

"आजी, लाडू तुझे आहेत हे मी त्याच दिवशी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. एव्हरीबडी न्यू दॅट. यू नेव्हर आस्क्ड मी. आता गाडीत बस, तुझे बूट ओले झालेत."